खाणकचऱ्यात हवेतला कार्बन: किती मुरू शकतो आणि किती मुरतो

प्रश्न नागपुरात खाण अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका निकेल खाणीचा कचरा दर वर्षी सुमारे ४० हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेतून आपोआप ओढून घेतो, असं त्याच्या वाचनात आलं. हे खरं आहे का, गोव्यातल्या आणि विदर्भातल्या डंपांवर असं काही करता येईल का, आणि एम.टेक.च्या प्रकल्पासाठी या विषयात नेमकं काय करावं, असं त्याने विचारलं आहे. अल्ट्रामॅफिक खडकांच्या टेलिंगवर, म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीवर, मी बरीच वर्षं काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा खरा आहे. ती खाण म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातली माउंट कीथ. सिओभान विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या टेलिंगमध्ये वर्षाला ३९,८०० टन कार्बन डायऑक्साइड खनिजरूपात अडकतो, असं दाखवलं. क्षेत्रफळाच्या हिशेबात हे दर चौरस मीटरला वर्षाकाठी २.४ किलो होतं. खाणीच्या स्वतःच्या वार्षिक उत्सर्जनाच्या ते सुमारे ११ टक्के होतं. त्यासाठी खाणीने वेगळं काहीही केलेलं नव्हतं. निकेल काढून उरलेली भुकटी पाण्याबरोबर बाहेर सोडली, ती उन्हात वाळली, एवढंच.

पण या आकड्याचा जितका गैरवापर होतो तितका या क्षेत्रात दुसऱ्या कुठल्याच आकड्याचा होत नसेल. लोक तो वाचतात, आपल्याकडच्या डंपचं वजन बघतात, त्यात मॅग्नेशियम किती टक्के आहे ते बघतात आणि गुणाकार करून मोकळे होतात. उत्तर लाखो टनांत येतं. ते कागदावर बरोबर असतं आणि जमिनीवर निरर्थक. ढिगात मॅग्नेशियम किती आहे याला फारसं महत्त्व नाही. त्यातलं किती सहज सुटतं आणि सुटलेल्यापर्यंत हवा पोचते का, या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. मी पुढे जे लिहिणार आहे ते सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी रसायन. अल्ट्रामॅफिक खडक म्हणजे मॅग्नेशियमने भरलेले, सिलिका कमी असलेले खडक. त्यांचं मुख्य खनिज ऑलिव्हिन. भूगर्भात पाण्याशी संबंध आला की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं आणि परिस्थिती अनुकूल असेल तर सोबत थोडं ब्रुसाइट तयार होतं. ब्रुसाइट म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. आपल्याकडे भिंतींना चुन्याची सफेदी देतात, ती ओली असताना फिकट दिसते आणि काही दिवसांत घट्ट, पांढरीशुभ्र होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो म्हणून ती घट्ट होते. ब्रुसाइट हे त्या भिजवलेल्या चुन्याचं मॅग्नेशियममधलं भावंड आहे आणि हवेत ठेवलं की तेच करतं. फरक एक, पण मोठा: चुना करताना भट्टीत चुनखडी भाजावी लागते आणि तिच्यातला कार्बन आधीच हवेत जातो, त्यामुळे भिंतीने परत घेतला तरी हिशेब जेमतेम जुळतो. ब्रुसाइट निसर्गाने भट्टीशिवाय बनवून ठेवलेलं आहे. त्याने घेतलेला कार्बन हा खराखुरा फायदा आहे.

आता आकडे मांडू. एक टन शुद्ध सर्पेंटाइन पूर्णपणे कार्बोनेट झालं तर सुमारे ०.४८ टन कार्बन डायऑक्साइड धरेल. टेलिंगमध्ये ९० टक्के सर्पेंटाइन असेल तर टनामागे ४३० किलो. ही झाली कागदावरची क्षमता. पण सर्पेंटाइनच्या स्फटिकातलं मॅग्नेशियम साध्या तापमानाला, साध्या हवेत, हलायलाच तयार नसतं. कणाच्या पृष्ठभागावरचं थोडंसं सुटतं आणि मग मागे सिलिकाचा थर उरतो, तो आतल्या भागाचं दार बंद करतो. ब्रुसाइटचं तसं नाही, ते भराभर विरघळतं. समजा टेलिंगमध्ये १ टक्का ब्रुसाइट आहे, म्हणजे टनामागे १० किलो. ते सगळं हायड्रोमॅग्नेसाइट, म्हणजे मॅग्नेशियमचं पाणीदार कार्बोनेट, झालं तर ६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जाईल. एकीकडे ४३०, दुसरीकडे ६. आता माउंट कीथचा आकडा पुन्हा बघा: वर्षाला सुमारे १.१ कोटी टन टेलिंग आणि ३९,८०० टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनामागे साडेतीन किलोच्या आसपास. जगातल्या सर्वांत चांगल्या अभ्यासलेल्या जागी प्रत्यक्षात इतकंच होतं. ज्या अहवालात टनामागे शेकडो किलो लिहिलेले दिसतील, तिथे लेखकाला विचारा की तापमान किती, दाब किती आणि वीज कुठून आणली.

दुसरी अडचण हवेची. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) थोडा वर आहे. म्हणजे एका घनमीटर हवेत जेमतेम पाऊण ग्रॅम. वरच्या उदाहरणातले ६ किलो मिळवायला सुमारे ८ हजार घनमीटर हवा लागेल आणि तीही तिच्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड निघाला असं धरून. टेलिंगचा तो एक टन जागा किती व्यापतो? अर्ध्या-पाऊण घनमीटरपेक्षा जास्त नाही. आता ही भुकटी मैद्यासारखी बारीक, ओली आणि दहा-वीस मीटर जाड साचलेली आहे असं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे इतकी हवा खालपर्यंत का जात नाही ते लगेच कळेल. खालचं ब्रुसाइट वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

यात पाण्याची भूमिका दुहेरी आहे. पाणी नसेल तर काहीच घडत नाही, कारण ब्रुसाइटचं विरघळणं आणि कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होणं हे कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातच होतं. पाणी जास्त झालं तर छिद्रं भरतात, आणि पाण्यातून वायू हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट सावकाश सरकतो. प्रयोगशाळेतले निकाल आणि शेतातल्या, म्हणजे टेलिंगच्या पृष्ठभागावरच्या, मोजण्या दोन्ही हेच सांगतात की छिद्रांचा साधारण तिसरा हिस्सा ते अर्धा पाण्याने भरलेला असताना काम सर्वांत चांगलं चालतं. वाळलेली भुकटी निष्क्रिय, चिखलही निष्क्रिय, दमट माती कामाची.

हे जवळून बघायचं असेल तर वाळत आलेल्या सर्पेंटिनाइट टेलिंगवर एक हातभर खड्डा खणा आणि त्याची एक बाजू सुरीने सरळ तासा. सगळ्यात वर पांढरी खपली दिसते, कधी दोन मिलिमीटर, कधी बोटाच्या पेराएवढी. नखाने उचलली तर पापुद्रा निघतो. तिच्यावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. तिच्याखाली काही सेंटीमीटर राखाडी-हिरवट, दमट थर, त्यात मधे मधे पांढरे ठिपके. आणि त्याखाली गडद, गार, घट्ट चिखल, ज्यावर आम्ल टाकलं तरी एक बुडबुडा येत नाही. तिथल्या पाण्याचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. म्हणजे प्रतिक्रियेला लागणारा कच्चा माल खाली आहे, हवा वर आहे, आणि दोघांच्या मधे फक्त काही सेंटीमीटरचा कामाचा पट्टा. वरची खपलीच पुढे झाकण होऊन बसते आणि दर आणखी घटतो.

इथे एक इशारा. पांढरं दिसलं म्हणजे कार्बोनेट असं समजू नका. खाणीच्या पाण्यात सल्फेट आणि क्लोराइड भरपूर असतात, आणि बाष्पीभवनाने एप्सम मीठ, जिप्सम, साधं मीठ यांच्याही तशाच खपल्या बसतात. त्यांच्यात हवेतला कार्बन कणभरही नसतो. खपली साध्या पाण्यात चटकन विरघळली तर ती बहुधा क्षारांचीच.

म्हणूनच मी मोजमापाबद्दल इतका आग्रही आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वूड्सरीफ नावाची क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसची (सर्पेंटाइनचाच तंतुमय प्रकार) खाण १९८३ मध्ये बंद झाली. तिच्या टेलिंगने तेव्हापासून किती कार्बन डायऑक्साइड धरला याचा काळजीपूर्वक केलेला अंदाज १,४०० ते ७०,००० टन असा आला. पन्नास पट फरक. संशोधकांनी काम ढिलाईने केलं असं अजिबात नाही. उलट इतकी मोठी कक्षा उघडपणे मांडणं हा प्रामाणिकपणा आहे. पृष्ठभागावरची खपली मोजणं सोपं असतं, पण ढिगाच्या आत थोड्या टक्क्यांनी पसरलेलं कार्बोनेट कुठवर गेलं आहे हे भोकं पाडल्याशिवाय कळत नाही, आणि एकूण आकडा त्या आतल्या भागावरच ठरतो.

मोजताना तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे मूळ खडकातच असलेलं कार्बोनेट. बऱ्याच निकेल खाणींच्या धातुकात लाखो-कोटी वर्षांपूर्वीचं मॅग्नेसाइट, डोलोमाइट असतं. एकूण कार्बन मोजून तो हवेतून आला असं म्हणता येत नाही. त्यासाठी कार्बन आणि ऑक्सिजनचे स्थिर समस्थानिक बघावे लागतात, आणि शक्य असेल तर रेडिओकार्बन. जुन्या खडकातल्या कार्बनमध्ये रेडिओकार्बन उरलेला नसतो, हवेतून नुकत्याच आलेल्यात असतो, त्यामुळे वाद उरत नाही. दुसरं, नेमकं कोणतं खनिज तयार झालं. थंड, दमट जागी आधी नेस्क्वेहोनाइट बनतं, त्यात मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूमागे एक कार्बन असतो. ते टिकाऊ नसतं. पुढे त्याचं हायड्रोमॅग्नेसाइट होतं, आणि त्यात पाच मॅग्नेशियममागे चारच कार्बन असतात. पाचवा हवेत परत जातो. म्हणजे पहिल्या मोसमात मोजलेला आकडा पुढे पाचव्या हिश्श्याने कमी होऊ शकतो, आणि कार्बन क्रेडिटचा, म्हणजे धरलेला कार्बन टनांच्या हिशेबाने विकण्याचा, करार त्या पहिल्या आकड्यावर झाला असेल तर गोंधळ ठरलेला. तिसरं, सल्फाइड, म्हणजे गंधकाची खनिजं. टेलिंगमध्ये पायराइट किंवा पायरोटाइट उरलं असेल तर ते हवेत गंजून आम्ल बनवतं, आणि तेच आम्ल तयार झालेलं कार्बोनेट विरघळवून वायू मोकळा करतं. सल्फाइड किती आहे हे मोजल्याशिवाय कार्बनची बात करू नये.

बारीक टेलिंगच्या उलट उदाहरणही आहे आणि मला ते फार आवडतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये थेटफर्ड माइन्स परिसरात क्रिसोटाइलच्या गिरण्यांनी टाकलेले डोंगराएवढे ढीग आहेत. तो कचरा जाडाभरडा आणि सच्छिद्र. तिथे हिवाळ्यात ढिगाच्या वरच्या भागातून ऊबदार हवा बाहेर येते आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपलेला असतो. कार्बोनेट बनताना उष्णता सुटते, आतली हवा गरम होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत ओढली जाते. ढीग स्वतःच श्वास घेतो. हवा कशी आत न्यायची हा आपला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तिथे तो केवळ कणांच्या आकारामुळे आणि रचण्याच्या पद्धतीमुळे बऱ्याच अंशी सुटलेला आहे. नवीन खाणीचा आराखडा करणाऱ्याने हे उदाहरण बारकाईने अभ्यासावं.

मग वेग वाढवायचा कसा? सगळ्यात स्वस्त उपाय रचनेचा. स्लरी (पाणी मिसळलेलं टेलिंग) एकाच जागी जाड थरात न सोडता स्पिगॉट, म्हणजे ती सोडणारी तोटी, फिरवत पातळ थरांत पसरायची, एक थर दमट होऊन काम करेपर्यंत त्यावर दुसरा टाकायचा नाही. दुसरा उपाय म्हणजे पृष्ठभाग उलटापालटा करणं: खपली मोडायची, खालचं ताजं वर आणायचं. ब्रिटिश कोलंबियातले ग्रेग डिपल आणि त्यांच्या गटाने या दिशेने बरीच वर्षं काम केलं, त्यातून निघालेली आर्का ही कंपनी हेच करू पाहते. डिझेल जाळून कार्बन धरणं परवडतं का, असा प्रश्न इथे हमखास येतो. समजा हेक्टरी २० लिटर डिझेल लागलं. लिटरमागे साधारण २.७ किलो धरले तर एका फेरीचं उत्सर्जन ५४ किलो. माउंट कीथच्या दराने हेक्टरी वर्षाला २४ टन धरले जातात. म्हणजे मशागतीने दर काही टक्क्यांनी जरी वाढला तरी डिझेल वसूल होतं. खरी अडचण डिझेलची नाहीच. ओल्या टेलिंगवर ट्रॅक्टर रुततो. जमिनीवर अगदी कमी भार देणारं यंत्र लागतं आणि ते चालवणाऱ्याच्या सुरक्षिततेची हमी लागते.

वीजनिर्मितीचा धूर टेलिंगमध्ये सोडला तर कार्बन डायऑक्साइड हवेच्या शेकडो पट दाट मिळतो आणि ब्रुसाइट फार लवकर संपतं. खाणीजवळ स्वतःचा वीजप्रकल्प असेल तर हे करून बघण्यासारखं आहे. मात्र मग ते हवेतून काढणं राहत नाही, उत्सर्जन रोखणं होतं. हिशेबाच्या वहीत दोन्हींची पानं वेगळी ठेवा. सर्पेंटाइन ६००-६५० अंशांना भाजून त्याची जाळी मोडता येते, त्यानंतर ते भराभर काम करतं, पण तेवढी उष्णता स्वच्छ आणि स्वस्त मिळाल्याशिवाय हा रस्ता उघडत नाही. सूक्ष्मजीवांचं कामही खरं आहे. कॅनडात अ‍ॅटलिनजवळच्या हायड्रोमॅग्नेसाइटच्या माळरानांवर सायनोबॅक्टेरिया कार्बोनेट बनायला मदत करतात हे इयन पॉवर आणि इतरांनी दाखवलं. मात्र मोठ्या प्रमाणावर टेलिंगवर हे जमवायला पाणी आणि पोषकद्रव्यं लागतात, आणि खाणी बहुधा जिथे असतात तिथे त्या दोन्हींची टंचाई असते.

आणि ज्याबद्दल व्यवस्थापन नेहमी उतावीळ असतं तो मुद्दा, क्रेडिट. माउंट कीथचे ३९,८०० टन कोणी काही न करता धरले जात होते. ते विकता येणार नाहीत, विकू नयेत. तुम्ही केलेल्या कामामुळे जे वाढलं तेवढंच तुमचं, आणि ते सिद्ध करायला शेजारी काहीही न केलेला एक तुकडा कायम राखून ठेवावा लागतो. ही पद्धत खाणीच्या नफ्या-तोट्याशीही बांधलेली आहे. निकेलचे भाव पडल्यावर बीएचपी या खाणकंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला पश्चिम ऑस्ट्रेलियातला निकेल व्यवसाय तात्पुरता थांबवला, त्यात माउंट कीथही आलं. नवा थर पडणं थांबलं की जुना थर खपलीआड जातो. म्हणून पंचवीस वर्षांचा सरळ रेषेतला अंदाज कोणी दाखवला तर त्यावर विसंबू नका.

आता आपल्याकडचं. गोव्याबद्दल स्पष्टच सांगतो: नाही. डिचोली, सांगे भागातले डंप म्हणजे लॅटराइट, चिकणमाती, हेमॅटाइट-गोएथाइटचा चुरा आणि सिलिका. मॅग्नेशियम-कॅल्शियम पावसाने कधीच धुऊन नेलेलं आहे. हा खडक गंजण्याच्या शेवटच्या पायरीवर पोचलेला आहे, त्याच्याकडे हवेला द्यायला काही उरलेलं नाही. गोव्याच्या डंपांचे प्रश्न खरे आहेत: पावसात नदीत आणि शेतात वाहून येणारा गाळ, ढिगांची स्थिरता. त्यांवर काम व्हायला हवं, पण कार्बनच्या नावाखाली नको.

विदर्भातही कोळशाच्या ओव्हरबर्डनमधून, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या खडक-मातीतून, अपेक्षा ठेवू नये. वालुकाश्म आणि शेल, त्यातल्या कोळशाळ थरांचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होऊन उलट कार्बन डायऑक्साइड सुटतो. पायराइट असेल तर आम्लाचा प्रश्न वेगळाच. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या मँगनीज खाणींच्या कचऱ्यात संगमरवरासारखे कार्बोनेट खडक सापडतात, पण ते आधीच कार्बन घेऊन बसलेले, त्यांचं पोट भरलेलं आहे. चंद्रपूर, कोराडीच्या राखेबद्दलही विचारणा होते. आपल्या कोळशाची राख सिलिका-ॲल्युमिनाची, कॅल्शियम कमी. तिचा उपयोग विटा आणि सिमेंटमध्येच चांगला.

महाराष्ट्रात अल्ट्रामॅफिक खडक अगदीच नाहीत असं नाही. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाईटसोबत (क्रोमियमचं धातुक) ते आहेत. आकाराने छोटे, त्यामुळे हवामानावर परिणाम होण्याइतका माल तिथे नाही, पण विद्यार्थ्याला नमुने गोळा करायला आणि खडक ओळखायला जागा चांगली.

देशात खरी शक्यता दोन ठिकाणी वाटते. एक ओडिशातलं सुकिंदा खोरं, देशातलं बहुतेक क्रोमाईट तिथून येतं. पण तिथेही डंपनुसार उत्तर बदलतं. वरचा जाड लिमोनाइटचा थर उष्ण-पावसाळी हवेने पूर्ण गंजलेला, मॅग्नेशियम नसलेला. त्याची अवस्था गोव्यासारखीच. खाली, खोल गेल्यावर सर्पेंटिनाइट लागतं, त्या खालच्या कचऱ्यात अर्थ आहे. दोन्ही एकाच ढिगात मिसळून टाकले तर कामाचा मालही वाया जातो, त्यामुळे टाकतानाच वेगळे ठेवायला हवेत. सुकिंद्यात आणखी एक गंभीर बाब आहे: सहा संयुजेचं, विषारी क्रोमियम. आम्लारी पाण्यात ते विरघळून फिरतं, आणि दमसाळा नाल्याच्या पाण्याची चिंता तिथले लोक कित्येक वर्षं करत आहेत. टेलिंग उलटीपालटी करून हवा खेळवणं म्हणजे ऑक्सिजनही खेळवणं, आणि त्याने हे क्रोमियम वाढू शकतं. निचऱ्याच्या पाण्यातलं क्रोमियम आधी मोजायचं, मग कार्बन. ही अट माझ्या दृष्टीने कुठल्याही टनांच्या आकड्यापेक्षा वरची आहे. तीच गोष्ट क्रिसोटाइलची. झारखंडात चाईबासाजवळ रोरो टेकड्यांवर ॲस्बेस्टॉसचा कचरा १९८३ मध्ये खाण बंद झाल्यापासून उघडा पडून आहे. तिथे कार्बोनेटच्या खपलीने धूळ बांधली गेली तर लोकांच्या फुप्फुसांसाठी ते मोलाचं ठरेल. नांगर फिरवणं मात्र तिथे पूर्णपणे वर्ज्य.

दुसरी जागा तमिळनाडूतलं सेलम. तिथल्या चॉक हिल्सना हे नाव पडलं ते ड्युनाइटमधून (जवळजवळ सगळा ऑलिव्हिनचा खडक) धावणाऱ्या मॅग्नेसाइटच्या पांढऱ्या शिरांमुळे. म्हणजे निसर्गाने हीच प्रतिक्रिया तिथे आधीच करून दाखवली आहे. मॅग्नेसाइट काढून ते भट्ट्यांच्या विटांसाठी भाजतात, आणि मॅग्नेसाइटच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे तो हवेत जातो. बाजूला ड्युनाइटचा कचरा पडून राहतो. त्या कचऱ्याने यातलं थोडं तरी परत घ्यावं, यावर आपल्या देशात नीट, खुलं, मोजलेलं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टचं काय, हा प्रश्न राहिलाच. खडी क्रशर आणि क्रश सँडच्या प्लांटमधून निघणारी भुकटी गावोगाव पडलेली असते. तिच्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे, पण ढिगात ठेवून काही होत नाही. बेसाल्टमधली खनिजं ब्रुसाइटपेक्षा फारच सावकाश विरघळतात. ती शेतात पसरून मुळं, आम्ल आणि पाऊस यांच्याकडून विरघळवून घेणं ही वेगळी पद्धत. छत्तीसगड, मध्य प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर ते करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेत पहिलं, ५ कोटी डॉलर्सचं बक्षीस मिळालं. आपल्या काळ्या जमिनीत हे तितकं चालेल असं मात्र धरू नये. तिचा सामू मुळातच ८ च्या आसपास, खाली चुनखडीचे खडे. अशा मातीत खडक विरघळायची घाई करत नाही. लाल, आम्लधर्मी, जास्त पावसाच्या जमिनी त्यासाठी बऱ्या.

आता प्रकल्प. एम.टेक.च्या वेळात आणि पैशात मोठा डंप मोजायला जाऊ नका. एक प्रश्न घ्या: आपल्या मोसमी हवेत, पाणी किती असताना, या एका टेलिंगमध्ये किती कार्बन खनिजरूपात येतो? माउंट कीथ वाळवंटी आहे. आपल्याकडे चार महिने टेलिंग तुडुंब भिजलेलं आणि उन्हाळ्यात खडखडीत, दोन्ही अवस्था वाईट. माझा कयास असा की दिवाळीपासून होळीपर्यंतचा दमट ते कोरडा काळ सर्वांत कामाचा निघेल, आणि उन्हाळ्यात टेलिंगचंच पाणी हलकं फवारून तो लांबवता येईल. हे आपल्या परिस्थितीत मोजून बघणं हा स्वतंत्र, उपयोगी विषय आहे.

सेलमचा ड्युनाइट किंवा सुकिंद्याच्या खालच्या थराचं ताजं टेलिंग मिळवा. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आणि खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी पत्र दिलं तर नमुन्याचा आणि विश्लेषणाचा रस्ता तिथून सापडू शकतो. पहिलं काम ब्रुसाइट किती आहे ते काढणं. एक टक्क्याच्या खाली एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची पद्धत) भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सोबत टीजीए (तापवत जाऊन वजनातली घट मोजणं) करा: ब्रुसाइट साधारण ३५० ते ४०० अंशांदरम्यान आपल्या वजनाच्या ३१ टक्के पाणी सोडतं. ब्रुसाइट जवळजवळ नसेल तर तो नमुना बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा.

मग पीव्हीसी पाइपचे कॉलम भरा, वेगवेगळ्या ओलाव्याचे, आणि एक कॉलम धुतलेल्या क्वार्ट्‌झ वाळूचा तुलनेसाठी. वरून जाणारी हवा मोजा, आत येणारी आणि बाहेर पडणारी, दोन्हीतला कार्बन डायऑक्साइड. शेवटी कॉलम कापून सेंटीमीटर-सेंटीमीटरने घन कार्बोनेट मोजा. हवेतून गेलेला आणि खनिजात सापडलेला, हे दोन आकडे जुळले तरच निकाल लिहा. बहुतेक प्रबंधांत यातला एकच असतो आणि मग त्या कामावर कोणी पुढे काही उभारू शकत नाही.

हवा प्रयोगशाळेच्या खोलीतली वापरू नका. दहा-बारा माणसं बसलेल्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड सहज हजार पीपीएमच्या पुढे जातो, आणि तुमचा दर दुप्पट दिसेल. नळी खिडकीबाहेर, रस्त्यापासून आणि जनरेटरपासून लांब काढा. कापलेले नमुने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवू नका, मातीच्या नमुन्यांची ती सवय इथे घातक आहे. नेस्क्वेहोनाइटसारखी पाणीदार कार्बोनेटं तेवढ्या तापमानाला मोडतात. साध्या तापमानाला, डेसिकेटरमध्ये, सोडालाइम ठेवून वाळवा, म्हणजे वाळतानाही ते हवेतून आणखी कार्बन घेणार नाहीत, आणि त्याच आठवड्यात एक्सआरडी करून घ्या.